गटात मॉडेल सुधारताना आणि क्रिटला सामोरे जाताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापुरात आर्किटेक्चरच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांसोबत स्टुडिओत काम करताना तेच ते प्रश्न दर सत्रात माझ्या फोनवर येतात, आणि बहुतेक वेळा ते सबमिशनच्या आदल्या आठवड्यात, रात्री साडेअकरानंतर येतात. त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. क्रिट म्हणजे मॉडेल समोर ठेवून केलेली टीका-चर्चा, आणि ज्युरी म्हणजे परीक्षकांसमोरचे सादरीकरण. उदाहरणे शक्यतो एकाच अभ्यासविषयातून घेतली आहेत : शहराच्या पूर्वभागात ९ मीटर रुंद आणि १८ मीटर लांब प्लॉटवर एका विणकर कुटुंबाचे घर आणि त्याच आवारात यंत्रमागाची जागा.

१. मॉडेल ‘सुधारणे’ म्हणजे नेमके काय? कडा स्वच्छ करणे, झाडे लावणे, रंग देणे हे त्यात येते का?

येत नाही. ती सजावट झाली आणि तिची जागा शेवटच्या दोन दिवसांत आहे. मॉडेल सुधारणे म्हणजे मॉडेलकडे पाहून डिझाइनमधील एखादा निर्णय बदलणे, तो बदल मॉडेलवरच करणे आणि पुन्हा पाहणे. अंतोनी गौडी यांनी बार्सिलोनाजवळच्या कोलोनिया ग्वेल येथील चर्चसाठी दोऱ्यांना छऱ्यांच्या लहान पिशव्या टांगून १:१० या स्केलचे, म्हणजे खऱ्याच्या दहाव्या भागाएवढे, उलटे मॉडेल केले होते. त्यात एक पिशवी हलवली की शेजारच्या दोऱ्यांचेही आकार बदलत, आणि ते आकार उलटे करून पाहिले की कमानी मिळत. सनबोर्डच्या (कडक फोमच्या पाट्याच्या) मॉडेलकडून इतकी अपेक्षा नाही. परंतु जिना दोन मीटर पश्चिमेकडे सरकवला तर घराच्या आतल्या चौकाचे काय होते, एवढे तरी मॉडेलने सांगितले पाहिजे. जिना फेविक्विकने कायमचा चिकटवलेला असेल तर ते मॉडेल सुधारण्याच्या कामाचे राहिलेले नाही.

२. कोणत्या टप्प्यावर कोणते स्केल घ्यावे?

ज्या प्रश्नाचे उत्तर हवे आहे, त्यावरून स्केल ठरते. गल्ली, शेजारची घरे आणि आपल्या इमारतीची उंची यांचे नाते पाहायचे असेल तर १:२०० पुरेसे असते. खोल्यांची रचना, चौक आणि जिना यांसाठी १:१०० घ्यावे. त्यात माणूस साधारण १७ मिलिमीटरचा होतो आणि तो कापून प्रत्येक मजल्यावर उभा करावाच, कारण त्याच्याशिवाय चार मीटर उंचीची खोली आणि अडीच मीटर उंचीची खोली डोळ्यांना सारखीच वाटते. खिडकी, छज्जा आणि कठडा यांच्यासाठी १:५० हवे. आपला प्लॉट या स्केलला १८ बाय ३६ सेंटिमीटरचा होतो, म्हणजे टेबलावर आरामात बसतो, आणि २३० मिलिमीटरची विटांची भिंत ५ मिलिमीटरच्या बोर्डात जवळजवळ बरोबर येते. भिंतीची जाडी खरी आली की कोपरे, खिडकीची खोली आणि उरलेली जागा यांविषयीचे भ्रम फिटतात. नेहमीची चूक अशी की गट पहिल्याच आठवड्यात १:५० चे मोठे मॉडेल सुरू करतो आणि मग त्यातील मेहनतीच्या मोहाने योजना बदलायला तयार होत नाही.

३. कच्च्या मॉडेलसाठी सामान कोणते घ्यावे आणि कशाने चिकटवावे?

पहिल्या दोन फेऱ्यांसाठी जुन्या खोक्यांचा पुठ्ठा आणि ग्रे बोर्ड घ्यावा. सनबोर्ड नंतर. स्वस्त सामानाचा फायदा पैशांपुरता नसतो. पुठ्ठा कापताना हात कचरत नाही. जे भाग बदलण्याची शक्यता आहे, म्हणजे जिना, छत आणि पश्चिमेची भिंत, ते टाचण्यांनी किंवा कागदी टेपने बसवावेत.

चिकटवण्याबाबत तीन गोष्टी दर वर्षी कोणीतरी नव्याने शिकते. फेविक्विक थर्माकोलला आणि फोमबोर्डच्या आतल्या गाभ्याला खाते, त्यामुळे कड आत वितळून पोकळ होते. तेथे फेव्हिकॉल वापरावा. माउंटबोर्डच्या एकाच बाजूस फेव्हिकॉल पसरवला तर ओली बाजू फुगते आणि वाळताना बोर्ड वाकतो, म्हणून तो पातळ लावून वाळेपर्यंत वजनाखाली ठेवावा. तिसरी गोष्ट खास आपल्या गावासाठी : सांडलेले फेविक्विक सुती चिंधीने पुसू नये. सुताशी त्याचा संयोग झाला की चिंधी तापते, कधी धूर निघतो आणि बोट भाजते. सोलापुरात घराघरांत टॉवेलचे तुकडे पडलेले असतात, म्हणून हे मुद्दाम सांगतो.

४. गट किती जणांचा असावा आणि काम कसे वाटावे?

चार जणांचा गट सर्वांत बरा चालतो. सहा जण झाले की दोघे फक्त चहा आणतात. काम ‘तू मॉडेल, मी प्लॅन, ती शीट्स’ असे वाटण्याचा मोह टाळावा, कारण मग मॉडेल करणाऱ्यालाच चुका दिसतात आणि प्लॅन करणारा त्या मान्य करत नाही. इमारतीच्या भागांनुसार वाटणी करावी : एकाकडे माग आणि त्याची ये-जा, दुसऱ्याकडे राहण्याच्या खोल्या, तिसऱ्याकडे चौक आणि जिना, चौथ्याकडे गल्लीकडची बाजू आणि छत. आपापल्या भागाचा प्लॅन, सेक्शन (उभा छेद) आणि मॉडेल प्रत्येकाने स्वतः करावे आणि दर दोन दिवसांनी सगळे भाग एका तळपाटावर जुळवावेत. जुळवताना जिथे दोन भाग एकमेकांत घुसतात, तिथेच डिझाइनचा खरा प्रश्न असतो. गुणांच्या वाटणीविषयी प्रश्न १३ पाहावा.

५. गटातली चर्चा भरकटते. क्रिट कशी चालवावी?

आम्ही स्टुडिओत एक साधी रीत पाळतो. मॉडेल डोळ्यांच्या पातळीवर येईल असे, म्हणजे टेबलावर दोन खोकी ठेवून त्यांवर, मांडायचे. पहिली पाच मिनिटे कोणीही बोलायचे नाही. सर्वांनी वाकून, गल्लीतून माणूस पाहील तसे पाहायचे. नंतर ज्याचा भाग आहे तो सोडून इतरांनी बोलायचे, आणि त्याने फक्त लिहून घ्यायचे. हे सर्वांत अवघड जाते, कारण आपल्या भिंतीचा बचाव करण्याची घाई प्रत्येकाला असते. पण बचाव सुरू झाला की बोलणारे गप्प होतात. प्रत्येक शेरा मॉडेलवरील जागेला बोट लावून द्यायचा आणि तेथे रंगीत टाचणी टोचायची. अर्ध्या तासानंतर टाचण्यांचा घोळका कुठे जमला आहे ते पाहिले की वाद कुठे आहे हे वेगळे सांगावे लागत नाही. आमच्या एका गटाच्या मॉडेलवर अकरा टाचण्यांपैकी सात जिन्याच्या पहिल्या वळणाभोवती होत्या, आणि गट मात्र तोवर आठवडाभर दर्शनी भागाच्या जाळीवर भांडत होता.

६. ‘छान आहे’, ‘जड वाटते’, ‘जमत नाही’ अशा शेऱ्यांचे काय करायचे?

त्यांचे रूपांतर तपासून पाहता येईल अशा प्रश्नात करायचे. ‘जड वाटते’ असे कोणी म्हटले तर विचारावे : कुठून पाहताना, आणि कशाच्या तुलनेत? बहुधा उत्तर मिळते की गल्लीतून पाहताना वरचा मजला खालच्यावर चढून बसला आहे. मग तपासणी ठरते : वरचा मजला एक मीटर मागे घेऊन पाहणे आणि गल्लीच्या पातळीवरून फोटो काढणे. प्रत्येक गटाने एक शेरेवही ठेवावी आणि तीत तारीख, ज्याचा भाग त्याचे नाव, शेरा, केलेली तपासणी आणि घेतलेला निर्णय लिहावा. तपासूनही बदल केला नाही, तर त्याचे कारणही लिहावे. ज्युरीत ते फार उपयोगी पडते (प्रश्न ९). ‘छान आहे’ हा शेरा मात्र वहीत लिहिण्याची गरज नाही.

७. सोलापूरच्या उन्हाची तपासणी मॉडेलवर कशी करावी? मोबाइलचा टॉर्च चालेल का?

टॉर्च जवळ असतो, त्यामुळे त्याचे किरण पसरत जातात आणि एकाच मॉडेलच्या दोन टोकांना सावल्या वेगवेगळ्या दिशांना पडतात. सूर्याचे किरण व्यवहारात समांतर असतात. म्हणून मॉडेल गच्चीवर न्यावे आणि खरे ऊनच वापरावे. त्यासाठी मे महिन्याची वाट पाहावी लागत नाही. तळपाटावर उत्तर दिशा आखून २ सेंटिमीटरची एक टाचणी सरळ उभी टोचावी आणि हव्या त्या वेळी तिची सावली जितकी लांब आणि ज्या दिशेला पडली असती, तशी पडेपर्यंत पूर्ण तळपाट तिरपा करावा व फिरवावा.

उदाहरण घेऊ. मेच्या दुसऱ्या आठवड्यात दुपारी सव्वाचार ते साडेचारच्या दरम्यान सोलापुरात सूर्य जवळजवळ थेट पश्चिमेला आणि क्षितिजापासून सुमारे ३३ अंशांवर असतो. म्हणजे २ सेंटिमीटरच्या टाचणीची सावली पूर्वेकडे सुमारे ३ सेंटिमीटर पडली पाहिजे. तशी पडली की पश्चिमेच्या खिडकीकडे पाहावे. १:५० च्या मॉडेलमध्ये ६० सेंटिमीटरचा छज्जा १२ मिलिमीटरचा असतो आणि १२० सेंटिमीटर उंचीची खिडकी २४ मिलिमीटरची. छज्जा अगदी खिडकीच्या माथ्याला असला तरी त्याची सावली खिडकीवर जेमतेम ८ मिलिमीटर उतरते. खिडकीचा दोन तृतीयांश भाग, दिवसातल्या सर्वांत तापलेल्या वेळी, सरळ उन्हात. ‘छज्जा दिला आहे’ हे वाक्य प्रत्येक गट प्रत्येक ज्युरीत म्हणतो. ते ८ मिलिमीटर एकदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले की पुन्हा म्हणत नाही. मग उभ्या पट्ट्या, जाळी, व्हरांडा, किंवा पश्चिमेला न्हाणीघर आणि जिना ढकलणे असे पर्याय आपोआप टेबलावर येतात. आपल्या भागातील माळवदाच्या (मातीच्या सपाट छताच्या) घरांनी बाहेरच्या भिंती जाड व खिडक्या लहान ठेवून उजेड चौकातून आणि छतातल्या झरोक्यातून घेतला होता, ही गोष्टही तेव्हाच पटते.

८. उत्तरेला ऊन येत नाही, म्हणून उत्तरेची तपासणी सोडली तर चालते ना?

सोलापुरात चालत नाही. आपण सुमारे १७.७ उत्तर अक्षांशावर आहोत. त्यामुळे मेच्या दुसऱ्या आठवड्यापासून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत भर दुपारी सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो. २१ जूनला हा कल सुमारे ६ अंशांचा असतो. दुपारच्या या कलाने फारसे बिघडत नाही. परंतु त्या दिवसांत सूर्य पूर्वेच्या बराच उत्तरेला उगवतो आणि पश्चिमेच्या उत्तरेला मावळतो, म्हणून उत्तरेच्या खिडकीत सकाळी आणि संध्याकाळी तिरपे ऊन येते. छोट्या उभ्या पट्टीने ते अडते.

दुसरी बारीक चूक वेळेची. घड्याळात बारा वाजले म्हणजे सूर्य माथ्यावर आला असे धरून सावल्या आखल्या जातात. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ पूर्व रेखांशावरची आहे आणि सोलापूर त्याच्या बरेच पश्चिमेला आहे, त्यामुळे येथील खरी मध्यान्ह ऋतूनुसार साधारण १२.१० ते १२.४० या वेळेत होते.

९. ज्युरीत दोन परीक्षक एकमेकांच्या विरुद्ध सूचना देतात. कोणाचे ऐकायचे?

आधी दोघांनी कोणती अडचण पाहिली ते शोधावे. एक म्हणतात ‘चौक बंद करा’, दुसरे म्हणतात ‘चौक गल्लीकडे उघडा’. वरवर हा विरोध आहे. परंतु मागाचा आवाज आणि सुताची धूळ घरात येते ही पहिल्यांची अडचण असू शकते आणि समोरची भिंत गल्लीला पाठ फिरवते ही दुसऱ्यांची. दोन्ही अडचणी खऱ्या आहेत आणि दोन्हींवरचे उपाय परीक्षकांनी चालता चालता सुचवलेले आहेत. अडचण स्वीकारावी, उपाय स्वतः शोधावा. आमच्या एका गटाने चौकाचे दोन भाग केले, मागाकडचा भाग वेगळा काढला आणि घराकडचा गल्लीला जोडला. पुढच्या ज्युरीत दोन्ही परीक्षकांना आपलेच ऐकले असे वाटले.

ज्युरी ही पद्धत पॅरिसच्या एकोल दे बोझार या कलाशाळेतून जगभर गेली. तेथे परीक्षक बंद दाराआड निकाल लावत आणि विद्यार्थ्याला आत प्रवेश नसे. आज आपल्याला समोर उभे राहून प्रश्न विचारता येतात. ‘सर, आपल्याला नेमके कुठे अडचण दिसते, मॉडेलवर दाखवाल का?’ असे विचारणे उद्धटपणा नाही.

१०. परीक्षकांनी मॉडेलचा भाग उपटला किंवा मोडला तर?

माझ्या तिसऱ्या वर्षाच्या ज्युरीत एका परीक्षकांनी न विचारता माझ्या मॉडेलची प्रवेशाकडची भिंत उपटून टेबलावर ठेवली. तीन रात्री जागून केलेली भिंत होती ती. न विचारता हात लावणे चूकच होते, असे आजही मला वाटते, आणि मी स्वतः कोणाच्याही मॉडेलला विचारल्याशिवाय कटर लावत नाही. मात्र त्या दिवशी एका मित्राने त्याच अवस्थेत फोटो काढून ठेवला होता. महिन्याभराने राग ओसरल्यावर तो पाहिला, तेव्हा त्या फटीतून रस्त्यावरून थेट आतले झाड दिसत होते. म्हणून सल्ला इतकाच : मोडलेला भाग लगेच चिकटवू नका, आधी फोटो काढा. आणि बदलण्याचे भाग टाचण्यांवर ठेवले असतील (प्रश्न ३), तर मोडण्याची वेळ सहसा येत नाही.

११. मॉडेल विणकर कुटुंबाला दाखवावे का? त्यांना ड्रॉइंग समजत नाही.

जरूर दाखवावे, आणि ते कच्चे असतानाच दाखवावे. गुळगुळीत पांढऱ्या मॉडेलसमोर माणसे ‘झकास’ म्हणतात आणि चहा विचारतात. पुठ्ठ्याच्या मॉडेलला हात लावतात. छत उचलता येईल असे ठेवावे. माग, बीम (ताण्याचे सूत गुंडाळलेला मागाचा रूळ) आणि मागाभोवती माणूस फिरण्याची जागा प्रत्यक्ष त्यांच्याकडे जाऊन टेपने मोजावी आणि त्याच स्केलचे सुटे तुकडे सोबत न्यावेत.

मागच्या वर्षी एका गटाने पूर्वभागातील एका घरी मॉडेल नेले. प्लॅनच्या शीटकडे घरातल्या अव्वांनी, म्हणजे आजींनी, पाहिलेही नाही. छत उचलल्यावर त्यांनी बीमचा तुकडा दोन बोटांत धरला, गल्लीतून दारातून आत नेला आणि वळणावर थांबल्या. ‘दार मोठं हाय, पण बीम हितं वळतंय का?’ वळत नव्हते. तीन क्रिटमध्ये चार विद्यार्थ्यांना आणि, खरे सांगायचे तर, मलाही न दिसलेली चूक त्यांना अर्ध्या मिनिटात सापडली. गटातील एखाद्याला तेलुगू किंवा कन्नड येत असेल तर बोलणे त्याच्याकडे द्यावे. आपल्या शहरात असा एक जण गटात बहुधा असतोच. दाखवताना समजावून सांगू नये. सुटे तुकडे समोर ठेवावेत आणि थांबावे.

हीच तपासणी मोठ्या वसाहतीच्या अभ्यासात आणखी महत्त्वाची ठरते. कुंभारीजवळच्या रे नगरात जानेवारी २०२४ मध्ये एकाच वेळी १५,००० घरांचे हस्तांतरण झाले. अशा आकड्यांच्या योजनेत एका घराचे १:५० चे मॉडेल म्हणजे हजारो घरांची तपासणी असते, आणि दाराची एक चुकीची बाजू तितक्याच वेळा बांधली जाते.

१२. संगणकावर थ्रीडी असताना हातांनी मॉडेल कशाला?

दोन्ही करा. मापांची अचूकता आणि वर्षभराच्या सावल्या संगणकावर लवकर मिळतात. मात्र स्क्रीनसमोर माउस एकाच्याच हातात असतो आणि बाकीचे तीन जण प्रेक्षक होतात. टेबलावरच्या मॉडेलभोवती चौघे एकाच वेळी चार बाजूंनी पाहतात. गटाच्या क्रिटसाठी हा फरक निर्णायक आहे.

१३. गटातला एक जण कामच करत नाही, पण गुण सर्वांना सारखे मिळतात. तक्रार कशी करावी?

वाटणी भागांनुसार केली असेल (प्रश्न ४) आणि शेरेवहीत नावे असतील (प्रश्न ६), तर कोणाचा भाग रिकामा आहे हे वहीच सांगते. ती घेऊन तिसऱ्या आठवड्यातच शिक्षकांकडे यावे. सबमिशननंतर आलेल्या तक्रारीचे काहीच करता येत नाही. त्याआधी त्या मित्राशी एकदा बोलावे. कोणी घरच्या कारखान्यावर रात्रपाळी करतो, कोणाला कटर नीट धरता येत नाही आणि सांगायची लाज वाटते. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेत चौघेही आठवडाभर गायब असतील, तर मात्र तक्रार कोणी कोणाची करायची?

१४. दोन पर्यायांवर गट निम्मा-निम्मा विभागला आहे. मतदान घ्यावे का?

घेऊ नये. मतदानात बोलण्यात पटाईत असलेला जिंकतो. दोन्ही पर्याय पुठ्ठ्यात, एकाच स्केलला, एका तासाच्या मर्यादेत करावेत आणि प्रत्येक पर्यायाच्या समर्थकांनी विरुद्ध पर्यायाचे मॉडेल करावे. ते करताना त्या पर्यायाचे गुण हातांना कळतात. नंतर ऊन, बीमची वाट आणि गल्लीतून दिसणारे दृश्य या तीनच कसोट्यांवर दोन्ही तपासावेत. तरीही बरोबरी राहिली तर ज्याचा भाग आहे त्याचा शब्द अखेरचा.

१५. दुसऱ्या गटाच्या क्रिटमध्ये पाहिलेली कल्पना आपल्या मॉडेलमध्ये घेतली तर ती चोरी होते का?

उघड क्रिटमधून शिकणे अपेक्षितच आहे. तत्त्व घ्यावे, आकार घेऊ नये, आणि शेरेवहीत व ज्युरीत त्या गटाचा उल्लेख करावा. उल्लेख करायला संकोच वाटत असेल, तर बहुधा आकारच उचललेला असतो.

१६. सबमिशनच्या आदल्या रात्री मोठी चूक सापडली. मॉडेल बदलावे की लपवावे?

पॅरिसच्या त्याच शाळेत (प्रश्न ९) मुदत संपताना विद्यार्थ्यांचे काम गोळा करायला ढकलगाडी फिरत असे. तिचे फ्रेंच नाव ‘शारेट’. त्यावरून शेवटच्या घाईलाच तो शब्द चिकटला. म्हणजे ही रात्र जुनी आहे. रात्री दहानंतर अंतिम मॉडेल कापू नये. दमलेला हात कटर पट्टीवरून सरकवतो आणि बोट कापतो. चुकीच्या भागापुरता पुठ्ठ्याचा दुरुस्त तुकडा १:१०० मध्ये करावा, अंतिम मॉडेलशेजारी ठेवावा आणि ज्युरीत स्वतःहून दाखवावा. परीक्षकांनी शोधलेली चूक आणि तुम्ही दाखवलेली चूक यांना सारखे गुण मिळत नाहीत.

१७. मॉडेल पुण्याला स्पर्धेसाठी न्यायचे आहे. काय काळजी घ्यावी?

ते सुरुवातीपासूनच दोन तुकड्यांत जोडता येईल असे करावे. सांधा चौकाच्या कडेने घेतला तर दिसत नाही. हुतात्मा एक्स्प्रेसमध्ये वरच्या फळीवर राहील एवढ्याच उंचीचे खोके घ्यावे. उन्हाळ्यात बंद मोटारीत मॉडेल ठेवून जेवायला जाऊ नये, कारण ग्लू गनने केलेले सांधे मऊ पडून सुटतात आणि सनबोर्डची छते खाली झुकतात. दुचाकीवर नेत असाल तर मागे बसणाऱ्याने मॉडेल दोघांच्या मध्ये, आडवे न धरता उभे धरावे. टाचण्या, कागदी टेप, फेव्हिकॉल आणि बीमचा एक जादा तुकडा खिशात असू द्यावा.